मातीतली भावकी

बाबा,

मी आता जिथे काम करतो तिथे जंतू पाळतात. कोंबड्या पाळतात तसे. आपल्या वाडीच्या विहिरीपेक्षा खोल अशा स्टीलच्या टाक्या आहेत. त्यांत सोयाबीनचं पीठ आणि साखरेचं पाणी घालायचं, खालून हवा सोडायची, आतला पंखा फिरत ठेवायचा, आणि जंतू वाढले की त्यांच्याकडून औषध काढून घ्यायचं. टाकी तापली की बाहेरून गार पाणी फिरवायचं, गार पडली की गरम. फेस वर आला की थोडं तेल सोडायचं. आम्ही तापाने फणफणलो तेव्हा आईने आमचं एवढं केलं नसेल. तुम्ही असता तर म्हणाला असता, "गुरं राखायची लाज वाटत होती मेल्याला, आता जंतू राखतोय." म्हणाला असता, हसला असता आणि मग खोकला असता. तुमचं हसणं आठवायला गेलो की त्याचा शेवट खोकल्यातच होतो.

तुम्ही गेल्यावर मी कुठेच धड राहिलो नाही. आठवीचं दप्तर तर तुमच्यासमोरच टाकलं होतं. मुंबईत एका हॉटेलात भांडी घासली, तिथल्या मॅनेजरशी वाजलं. बुरोंडीला होडीवर खलाशी म्हणून एक हंगाम काढला, पण होडी हलली की पोटातलं सगळं बाहेर. होडी चालवणारा तांडेल म्हणायचा, "ह्याला मासे धरायला घेतलाय की माशांना चारायला?" मग पुण्याला एका बांधकामावर, मग कुठे कुठे. शेवटी वाडीतल्याच एकाने इथे गुजरातेत लावून दिलं. ठेकेदाराचा माणूस म्हणून आहे. आधी रिकाम्या टाकीत उतरून ती धुवायचं काम होतं, आता पावडरीच्या विभागात घेतलंय. आई दर फोनला विचारते, "अजून तिथंच हायस ना?" तिथेच आहे. का टिकलो ते तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसलो. आणि आपल्या धाकट्या बायला तुमचाच आजार झालाय, तेही सांगायचंय. ते लिहायला हात वळत नाही, म्हणून आधी जंतूंचं सांगतो.

पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडलं तेव्हा मला आपल्या भाताच्या दाढीचा, रोपं करायच्या त्या तुकड्याचा वास आला. पालापाचोळा जाळून भाजावळ करून झाली की तुम्ही कुदळ मारायचा आणि भाताच्या रोपांसाठी जमीन उकरायचा, तेव्हा ढेकूळ उलटं पडलं की त्याच्या खालच्या बाजूला असायचा, तो वास. एवढ्या लांब, पाइपांच्या जंगलात. मला वाटलं डोकं फिरलं माझं. इथल्या लॅबमध्ये एक मॅडम आहेत, अमरावतीकडच्या. मराठी बोलणारं माणूस म्हणून मी उगाच त्यांच्या दारात घुटमळायचो. त्यांना विचारलं, तर त्या आतून एक काचेची बशी घेऊन आल्या. बशीत पांढुरके, कोरडे ठिपके होते, भिंतीला चुना लावताना फरशीवर उडावेत तसे.

"हे पाहा, तुमच्या टाकीतलं लेकरू," त्या म्हणाल्या.

"बुरशी दिसते."

"साऱ्यांनाच वाटतं. धागे असतात ना बुरशीसारखे. पण बॅक्टेरिया आहेत हे. मातीत राहतात. मातीचा वास म्हणतो ना आपण, तो मातीचा नसतोच, ह्यांचा असतो."

मग त्यांनी त्या सगळ्या जातीचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मी ते दोनदा तोंडात घोळवलं आणि सोडून दिलं. मी त्यांना भावकी म्हणतो. आपल्याकडे कसं, आडनाव एक, मूळपुरुष एक, गणपती एकाच घरात, पण एक घर दुसऱ्याला बांधावर पाय ठेवू देत नाही. एका घरातला मास्तर होतो, शेजारच्या घरातला दारू पिऊन बायकोला मारतो. तशी ही भावकी. ह्यांच्यातलं एक घर अंगावर पिणाऱ्या पोराच्या पोटात राहतं आणि त्याला दूध पचवायला मदत करतं. एका घराकडून चायनीजच्या गाडीवर चवीला टाकतात ती पांढरी पूड करून घेतात, आणि त्याच घराचा सख्खा शेजारी म्हणजे घटसर्प, लहानपणी ज्याची सुई टोचतात. महारोग ह्यांच्यातलाच. एक घर सुरूच्या मुळांत गाठी करून बसतं आणि हवेतलं खत झाडाला देतं. हे ऐकलं तेव्हा मला केळशी आठवली, बाबा. चिऱ्याची गाडी खाली करायला तुम्ही मला घेऊन गेला होता आणि नंतर आपण सुरूच्या बनात भाकरी खायला बसलो. मी विचारलं होतं, वाळूत ही झाडं काय खाऊन वाढतात? तुम्ही भाकरी चावत म्हणालात, "हवा खाऊन. तुझ्यासारखी." मॅडमना हे सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या बरोबरच की.

आणि मग त्या हसता हसताच बोलून गेल्या, "टीबीवाला ह्यांचाच चुलत."

मी बशीकडे बघत राहिलो. ह्या टाकीत जे औषध तयार होतं ते टीबीचंच आहे, एवढं मला ठाऊक होतं. मारणारा आणि त्याला मारणारा एकाच भावकीतले, हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मग एकमेकांच्या जिवावर का उठतात? त्या म्हणाल्या, "मातीत जागा कमी, खाणारे जास्त. जो तो आपल्यापुरतं विष करून ठेवतो, असं म्हणतात. आपण ते चोरतो आणि बाटलीत भरतो." त्या दिवशी कँटीनमध्ये मी ताट घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. आणि त्या दिवसापासून दुसरं काम शोधलं नाही. टाकीत उतरून भिंती घासताना वाटायचं, निदान इथे मी त्या जंतूच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. दुसऱ्या कुठल्याच कामात मला मी कुठल्या बाजूला आहे ते कळलं नव्हतं.

तुम्हाला खोकला कधी लागला ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण चिऱ्याच्या खाणीवर खोकत नाही असा माणूसच नव्हता. मी तुमचा डबा घेऊन यायचो. खाणीत उतरलं की सगळं लाल, माणसं लाल, ट्रकची काच लाल, तुमच्या पापण्यांचे केससुद्धा लाल. कापायचं मशीन फिरलं की धुळीचा लोट उठायचा आणि तुम्ही त्यातून चिरा खांद्यावर घेऊन बाहेर यायचा, जसं काही डोंगरालाच पाय फुटलेत. एकदा मी नाकाला रुमाल बांधून उतरलो. तुम्ही चिरा खाली ठेवलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंत, "काय रं, नवरी हायस काय? तोंड झाकून आलायस तो." खाण हसली. मी रुमाल खिशात कोंबला. इथे मास्क न लावता आत पाऊल टाकलं तर हजेरी कापतात. मी मास्क चढवतो आणि ते हसणं मला अजून कानामागे ऐकू येतं.

थुंकी तपासली आणि लागण निघाली तेव्हा आईने वाडीत न्यूमोनिया म्हणून सांगितलं. नर्सबाई गोळ्यांची पाकिटं घेऊन घरी आल्या त्या दिवशी तुम्ही खाणीवर होता. त्यांनी आईला काय काय सांगितलं आणि त्यातलं आईने काय ऐकलं, हे आता कोण सांगणार. मला आठवते ती सकाळ. तुम्ही मागीलदारी केळीत लघवीला गेला आहात आणि तिथूनच हाक मारताय, "गो, वायच इकडं ये." आई जाते, तिच्यामागून मी. केळीच्या बुंध्याशी एक सुकलेलं पान पडलंय आणि त्याच्यावर नारिंगी लाल पाणी साचलंय. तुम्ही आमच्याकडे बघत नाही, त्या पानाकडेच बघताय. "रगत जातंय माझं," तुम्ही म्हणता. आई वाकून बघते आणि म्हणते, "रगत नाय. गोळी उष्ण पडली."

तिने कोकमाचं आगळ पाण्यात कालवलं, जिरं घातलं आणि तुम्हाला पाजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. पुन्हा आगळ. आपल्याकडे सगळं ह्याच मापाने मोजतात, कुळीथ उष्ण, आंबा उष्ण, ताक थंड, आगळ थंड. तिला जे माप ठाऊक होतं ते तिने गोळीलाही लावलं. मग तुमचा खोकला कमी झाला, गालावर मांस आलं, खाणीवर पावसाआधीची घाई सुरू झाली. तुम्ही परत चिरे उचलायला लागलात. एका संध्याकाळी आई चुलीपाशी बसून म्हणाली, "बरं वाटतंय ना आता? मग कशाला अंग जाळून घेताय? ठेवा ती." तुम्ही ठेवलीत. तिनेच ती पाकिटं माळ्यावरच्या रिकाम्या कणगीत टाकली. घरात सगळ्यांना हलकं वाटलं होतं. मला पण.

भात कापायच्या दिवसांत खोकला परत आला आणि ह्या वेळी रक्त खरंच होतं. आता तुमच्या अंगातला जंतू गोळ्यांना भीक घालीना. त्याच्याशी अर्धवट भांडून सोडून दिलं की तो शहाणा होतो, असं मॅडम म्हणतात. मग सुया सुरू केल्या आणि त्या सुयांनी तुमचे कान नेले. आधी तुम्ही म्हणायचा की घरात कुणीतरी शिट्टी वाजवतंय. मग आम्ही ओरडून बोलायला लागलो. मी विचारलं, "पाणी देऊ?" तुम्ही माझ्या ओठांकडे बघून म्हणालात, "नको, उद्या जाऊ." आई पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता आत निघून गेली. ती सुईसुद्धा ह्याच भावकीची, बाबा. मी विचारून घेतलं. मातीतल्याच जंतूकडून काढलेली, टीबीवर लागू पडलेलं पहिलं औषध. सिव्हिल हॉस्पिटलात तुमचा जीव गेला तेव्हा मी तुमच्या उशाशी काहीतरी बोलत होतो. काय बोलत होतो ते आठवत नाही. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, एवढं आठवतं.

आता बायचं. ती काजूच्या कारखान्यात जाते, काजू फोडायला. शिमग्यानंतर तिला बारीक ताप यायला लागला, वजन उतरलं. वाडीतल्या आशाताईने तिला ओढूनच तपासायला नेलं आणि निघायचं तेच निघालं. ह्या वेळी वेळेत कळलं, गोळ्या लागू पडणाऱ्या होत्या, सगळं सोपं होतं. पण दापोलीकडचं एक स्थळ आलं होतं आणि मुलाकडची माणसं बघायला यायची होती. आईने आशाताईला सांगितलं, घरी येत जाऊ नकोस, पोरगीच येईल तुझ्याकडे. मी फोनवर विचारायचो तर बाय म्हणायची, घेते रे. एके दिवशी तिचा आवाज मला वेगळा लागला.

"खरं सांग, गोळ्या चालू आहेत ना?"

"सोडल्या."

"का?"

"आई म्हणाली नको."

"आई कशाला नको म्हणेल?"

मागे कोंबडी ओरडत होती. मग बाय म्हणाली, "दादा, मला लाल होतंय. आईने बघितलं. आगळ देते ती मला."

मी फोन ठेवला आणि ठेकेदाराकडे गेलो. तो म्हणाला, आता गेलास तर परत घेईन असं नाही. मी म्हटलं, नको घेऊ. रागात म्हटलं नाही, तोंडातून तसंच निघालं.

गाडीत रात्रभर मी एकच गोष्ट जुळवत होतो, आईला कसं सांगायचं. बायला सांगणं सोपं होतं. लाल रंग म्हणजे गोळी पोटात गेल्याची खूण, बाकी काही नाही, एवढंच सांगायचं. पण ते आईसमोर सांगितलं की पुढचं वाक्य न बोलताही बोललं जाणार होतं. केळीतलं ते पान, आगळ, कणगी, सगळं एका ओळीत येऊन उभं राहणार होतं. बायला वाचवायचं तर आईला हे कळणार आणि आईला ह्यातून वाचवायचं तर बाय जाणार. रत्नागिरी आली तरी मला काही सुचलं नव्हतं.

घरी पोचलो, चहा प्यायलो आणि पडवीत जरा आडवा झालो. आईने आपली सवयीने माझी बॅग उघडली, मळकी कापडं काढली आणि मागीलदारी बादलीत टाकली. पावडरीच्या विभागात आम्हाला वरून अख्खा झगा देतात, तरी ती पूड कुठून तरी आत शिरते आणि घामाबरोबर बनियनला बसते. मी पेंगत होतो तेवढ्यात तिची हाक आली.

"हे काय रं? कुठं लागलंय तुला?"

मी उठून गेलो. बादली लाल झाली होती. नारिंगी लाल. ती बनियन हातात धरून उभी होती आणि पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"लागलं नाय आई."

"मग रगत कसलं?"

"रगत नाय ते. औषधाची पावडर आहे. कंपनीतली."

बाय दारात आली होती, हात भाकरीच्या पिठाचे. तिने बादलीत बघितलं आणि हळूच म्हणाली, "माझं असंच होतं. हाच रंग."

मग मला बोलावंच लागलं. मी म्हटलं, बाय, हा त्याच औषधाचा रंग आहे. गोळी पोटात गेली की असंच होणार, घाम तसाच, डोळ्यांतलं पाणीसुद्धा तसंच. रगत नाही, उष्ण नाही. लाल दिसलं नाही तर उलट विचारायचं की गोळी गेली कुठे. बाय म्हणाली, "आशाताई पण हेच म्हणत होती. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणते."

आईने बनियन पिळली. खूप वेळ पिळत राहिली, पाणी संपलं तरी. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांचं पण..."

तेवढंच म्हणाली. आणि बाबा, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बाबांचं वेगळं होतं. त्यांच्या वेळच्या गोळ्या वेगळ्या होत्या. त्यांना रंग नव्हता. बाबांचं खरंच रगत जात होतं."

"मग मी थांबवली ते बरोबर केलं ना?"

"हो," मी म्हटलं. "बरोबरच केलंस."

बाय माझ्याकडे बघत होती. त्या वेळी ती लहान होती, तिला केळीतलं काही आठवत नसेल. पण ती माझी बहीण आहे, मी खोटं बोलताना कसा दिसतो ते तिला माहीत आहे. तिने आत जाऊन हात धुतले आणि आईला विचारलं, "कुठं ठेवल्यास गोळ्या?" आई माळ्यावर चढली. स्वतःच काढून आणल्या, स्वतःच पाणी दिलं. आशाताईने पुन्हा सरकारी दवाखान्यात नेऊन बायची थुंकी दाखवली. डॉक्टर आधी तिच्यावर रागावले, मग म्हणाले, फार खंड पडला नाही, नशीब समज. गोळ्या आता परत चालू आहेत. रोज सकाळी आईच हातावर ठेवते.

मुलाकडच्या माणसांना आईने खरं ते सांगितलं. काही महिने थांबा म्हणाली. ते लोक चहा पिऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत. बाय म्हणते, गेलं तर जाऊ दे. पण आता कारखान्यातल्या बायका तिचा डबा वेगळा ठेवायला सांगतात, हे तिने मला सांगितलेलं नाही, मला दुसरीकडून कळलं. मला इथे ठेकेदाराने शिव्या देऊन परत घेतलं.

काल आईचा फोन आला. बायचं वजन वाढतंय, काजूचा भाव, शेजारच्यांची म्हैस, सगळं सांगून झालं. मग तिने विचारलं, "तुझ्या त्या कंपनीत जुन्या गोळ्या असतात काय रं? ह्यांच्या वेळच्या?"

"नाय. आता बंद झाल्या त्या."

"कसल्या रंगाच्या होत्या?"

"पांढऱ्या," मी म्हटलं.

तुमची गोळी रोज तिनेच तुमच्या तळहातावर ठेवलेली, बाबा. मी तिथेच बसलेला असायचो. लाल होती ती. चिऱ्यासारखी लाल.

हे पत्र घरी पाठवून तुमच्या फोटोमागे ठेवायला सांगावं असं आधी मनात होतं. पण घरात वाचता येणारी बायच आहे आणि आई तिला सांगेल, काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. म्हणून हे इथेच राहील, माझ्या पत्र्याच्या पेटीत. तुम्हाला तरी खरं सांगतो. गोळ्या त्याच होत्या. आणि आईला ते आता माहीत आहे, असं मला वाटतं. ती मला पकडू शकली असती. तिने फक्त विचारलं, "जेवलास काय?" मी हो म्हटलं. तेही खोटंच होतं.